कंट्रोलर बसवला, पण जुळवला का?

पेण तालुक्यातलं डोलवी, रोहा तालुक्यातलं धाटाव आणि नागोठणं. या औद्योगिक पट्ट्यात इंधनाचे नि रसायनांचे टँकर रोजचेच. ते भरणाऱ्या गँट्रीवरच्या, ठरलेलं माप मोजून सोडणाऱ्या बॅच कंट्रोलरबद्दलच्या समजुती मात्र ऐकाव्यात तेवढ्या थोड्या.

‘कंट्रोलरची पेटी वॉटरप्रूफ आहे ना, मग झालं!’ कोकणातल्या पावसाची धास्ती रास्तच. पण पाणी अडवणं वेगळं, स्फोट अडवणं वेगळं. फ्लेमप्रूफ पेटीत वाफ शिरणार, हे गृहीतच धरलेलं असतं. ठिणगीने ती पेटलीच, तर पेटीने दाब सोसायचा आणि झाकणाच्या अरुंद फटीतून निघणारे तप्त वायू थंड करून बाहेर सोडायचे. झाकणाचा एक बोल्ट गायब असला, किंवा गळती नको म्हणून कुणी त्या फटीत मनाने सीलंट थापलं, की प्रमाणपत्र कागदापुरतंच उरतं.

‘मीटर अचूक, म्हणजे लिटरही अचूक’ हेही अर्धसत्य. मीटर फक्त पल्स पाठवतो. एका लिटरला किती पल्स, हे त्याच मीटरच्या कॅलिब्रेशन दाखल्यावरून कंट्रोलरमध्ये भरावं लागतं. शेजारच्या भरण-नळीच्या (लोडिंग आर्म) मीटरचा आकडा चालत नाही. शिवाय दर 10 अंश सेल्सिअसला डिझेल साधारण 0.8 टक्के फुगतं. 12,000 लिटरच्या टँकरमागे हा फरक शंभर लिटरच्या घरात जातो, म्हणून 15 अंशांवरच्या आकारमानाचा हिशेब कंट्रोलरला शिकवावा लागतो.

घाईच्या वेळी सर्वांत आधी डोळ्यांवर येतो तो सुरुवातीचा संथ प्रवाह. नळीचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला 1 मीटरच ठेवतात, कारण वाहत्या इंधनात स्थिर विद्युत साठते. अर्थिंगचा चिमटा लावला तरी द्रवातला भार क्षणात उतरत नाही. आधी पेट्रोल वाहिलेल्या टँकरमध्ये डिझेल भरताना तर धोका अधिक.

‘हाय लेव्हल स्विच आहे, ओव्हरफ्लो होणारच नाही’ हा भरवसा इंग्लंडमधल्या बन्सफिल्डच्या तेल डेपोला 11 डिसेंबर 2005 रोजी महागात पडला. साठवण टाकीचा गेज एकाच आकड्यावर अडकला होता. स्वतंत्र स्विच होता, पण त्याचा चाचणी-दांडा जागेवर धरून ठेवणारं छोटं कुलूप लावलेलंच नव्हतं. ते कशासाठी, हे बसवणाऱ्यांना उमगलं नव्हतं. पेट्रोल उतू गेलं, वाफेचा ढग पेटला, वीसहून अधिक टाक्या जळाल्या.

त्यामुळे कमिशनिंगच्या दिवशी नुसतं टेस्टचं बटण दाबून भागत नाही. ओव्हरफ्लो ओळखणारा प्रोब द्रवात बुडवायचा, चिमटा काढून पाहायचा आणि दोन्ही वेळा व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का, ते गँट्रीवर उभं राहून तपासायचं.