साडेसात कोटींचे नशीब

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या घरांची सोडत निघाली की कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘घर लागतं ते ज्यांच्याकडे आहे त्यांनाच!’ ऑगस्ट २०२३ मध्ये या तक्रारीला बळ मिळाले. मुंबई मंडळाच्या सोडतीत ताडदेवचे सुमारे साडेसात कोटींचे घर बदनापूरचे आमदार नारायण कुचे यांना लागले. पुढे त्यांनी ते परत केले.

सोडत काढणाऱ्या संगणकाने पक्षपात केला का? तसे मानायची गरज नाही. त्या सोडतीत ४,०८२ घरे आणि सुमारे १ लाख २० हजार अर्ज होते, म्हणजे सरासरी तिसातील एकाला घर. पण सरासरी फसवी असते. लोकप्रतिनिधींसाठी वेगळा राखीव गट असतो. त्यात, तेही कोट्यवधींच्या घरासाठी, अर्ज करणार किती? गर्दी सगळी स्वस्त घरांकडे.

दुसरे कारण अनामत रकमेचे. प्रत्येक अर्जाला ती वेगळी भरावी लागते. समजा, तिसात एक संधी असलेल्या पाच योजनांत कुणी अर्ज केले. पाचही वेळा हुकण्याची शक्यता शंभरात ८४. म्हणजे किमान एक घर लागण्याची सुमारे १६. एकच अनामत जमवू शकणाऱ्याची जेमतेम ३. चिठ्ठी निष्पक्ष, रांग नव्हे. माझ्या मते खरा अन्याय इथेच आहे.

पुढच्या सोडतीत एकूण अर्जांच्या आकड्याने दचकू नका. आपल्या योजनेत, आपल्या गटात घरे किती आणि अर्ज किती, तेवढे पाहा.