लघवीची धार बारीक होते तेव्हा

चालू तासाला करंगळी वर करणारे पोर आपणा शिक्षकांना रोजच दिसते. त्यातले एखादे दर अर्ध्या तासाला उठते, आणि एकदा गेले की लवकर परत येत नाही. गुरुजी रागावतात, वर्ग हसतो. पोर खोडकर असेल, नाही असे नाही; पण ते खरोखरच अडलेलेही असू शकते. त्या अडलेल्या पोराविषयी आज बोलावयाचे आहे. विषय संकोचाचा खरा. पण या संकोचापायीच दुखणे उशिरा उघडकीस येते.

केशोरी-गोठणगावकडच्या शेतकऱ्याला पाट म्हणजे काय हे सांगावयास नको. पाट एका जागी गाळाने आवळला, की खालच्या बांधीत पाणी बारीक पोचते आणि वर ते तुंबून पार फुटायला येतो. मूत्रमार्गाचे असेच आहे. मूत्राशयापासून बाहेर येणारी ही नळी एखाद्या ठिकाणी जखमेच्या वणाने आवळली, म्हणजे धार बारीक होते किंवा दोन फाटे फुटतात. पोर कुंथते; लघवी संपली असे वाटते आणि पुन्हा लागते. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढून ताप येतो. अधिक दिवस गेले, तर मागचा ताण मूत्रपिंडांवर पडतो. खरी भीती आहे ती हीच.

ही नळी आवळते कशाने? हे दुखणे बहुधा मुलग्यांचे. मुलींत ते क्वचित. सायकलच्या दांडीवर किंवा बंडीच्या जुवावर दोन्हीकडे पाय पडून पोर आपटते. लाजेने घरी सांगत नाही. चार दिवसांत दुखणे थांबते. आतला वण मात्र पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही आवळत येतो. काही मुलांचे लघवीचे छिद्र जन्मतःच खालच्या बाजूला असते; त्याची शस्त्रक्रिया झाल्यावर किंवा नळी घातल्यावरही असे होऊ शकते. पडल्यानंतर लघवीच्या जागी रक्त दिसले किंवा लघवी बंद झाली, तर गावात कोणाकडून नळी घालून घेऊ नका. पोराला तडक मोठ्या रुग्णालयात न्या.

उपाय जुना आहे. लघवीची वाट अडते अशा एका विकारावर तुपाने माखलेली, दोन्ही बाजूंनी उघडी नळी बसवावी आणि दर तीन दिवसांनी ती अधिक जाड घ्यावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पुढे शतकानुशतके धातूच्या सळयांनी मार्ग रुंद करीत. पण ते काम अंदाजाने, आंधळेपणाने चाले. 1806 च्या सुमारास बोझिनी या जर्मन डॉक्टराने मेणबत्तीच्या उजेडाने शरीरात डोकावण्याचे साधन केले. 1879 साली निट्झेने मूत्राशयाची दुर्बीण दाखविली. हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने 1959 च्या सुमारास काचेच्या दांड्यांची रचना काढली, तेव्हा चित्र लख्ख दिसू लागले. आणि 1974 साली साक्से या जर्मन शल्यविशारदाने डोळ्यांनी पाहत पाहत आतला वण छेदण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

आज मुलांसाठी सुमारे 3 मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणी आहेत. आधी औषध घालून क्ष-किरण चित्र काढतात. त्यात आवळलेली जागा आणि तिची लांबी कळते. मग पोराला भूल देऊन नैसर्गिक वाटेनेच दुर्बीण आत नेतात. समोर वण दिसला की बारीक पात्याने तो, बहुधा वरच्या बाजूस, छेदतात. बाहेरून काप नाही, टाका नाही. काही दिवस नळी ठेवतात.

ऐकून वाटेल, संपले काम! पण तसे नाही. आवळलेला भाग एक सेंटिमीटरहून लहान असेल आणि वण वरवरचा असेल, तर गुण येण्याचा संभव बरा. भाग लांब असेल, किंवा हाड मोडून नळी तुटली असेल, तर छेदलेली जागा पुन्हा आवळते. मग पुनःपुन्हा छेदत राहण्यात शहाणपण नाही. दर छेदाने वण वाढतो. अशा वेळी उघडी शस्त्रक्रिया करून नळीची दुरुस्ती करणेच योग्य. “पुन्हा दुर्बिणीनेच करा” असा हट्ट पालकांनी धरू नये.

तान्ह्या मुलग्याची धार ठिबकत असेल, तर कारण वेगळे असू शकते: मूत्रमार्गात जन्मतः असलेले पडदे. तेही दुर्बिणीनेच छेदतात, पण येथे दिवस मोजावे लागतात, कारण मूत्रपिंडे गर्भातच दुखावू लागलेली असतात. आईने तान्ह्याची धार पाहावी. सांगावयास फार सोपे, पण किती घरांत पाहतात?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीस येते. अशा पोराचे नाव त्या दिवशी डॉक्टरांच्या कानी घालावे, सगळ्या वर्गासमोर नव्हे. पथक येण्यास अवकाश असेल, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढची चिठ्ठी घ्यावी. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्ररोगांचा स्वतंत्र विभाग आहे.

उपचार झालेले पोर शाळेत परत आले, की त्याला विचारल्यावाचून बाहेर जाऊ द्या. घरी बापाने आठ-पंधरा दिवसांनी धार पाहावी. ती पुन्हा बारीक झाली, तर ठरल्या तारखेची वाट न पाहता दवाखान्याचा रस्ता धरावा.