टसर-पतंगाचा कोश

मध्य भारतातील पानझडी अरण्यांत, तसेच विदर्भाच्या पूर्व भागात, ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पाल्यावर टसर-पतंगाची अळी वाढते. चार वेळा कात टाकल्यावर ती फांदीला देठाने लोंबणारा कठीण कोश विणते. लोकव्यवहारात यास ‘कोसा’ म्हणतात. तो ‘कोश’ शब्दाचाच तद्भव होय. ‘टसर’ या नावाचा संबंध धोटा या अर्थाच्या संस्कृत ‘तसर’ शब्दाशी जोडला जातो, आणि कोशाचा आकार त्यास पोषकच आहे.

या कोशाचे मूळ प्रयोजन वस्त्र नव्हे. वर्षातील अखेरच्या पिढीचा जीव हिवाळा व उन्हाळा त्यात सुप्तावस्थेत काढतो. पावसाळ्याच्या प्रारंभी कोशाची भिंत मऊ करणारा स्राव सोडून पतंग बाहेर पडतो. त्याचे मुखावयव अविकसित असल्याने तो काहीच खात नाही. अळीने साठविलेल्या अन्नावर थोडे दिवस जगून व प्रजोत्पादन करून तो मरतो.

पतंग बाहेर पडला की कोशास भोक पडते व सलग धागा मिळत नाही. म्हणून आतील जीव उष्णतेने मारतात. परंतु सर्वच मारले तर पुढील पीक कोठून येणार? यास्तव काही कोश बीजासाठी राखले जातात. धाग्याचे भवितव्य अशा न उकललेल्या कोशांवरच अवलंबून असते.