अठरा गिअरचा ट्रक आणि त्याभोवतीचे गैरसमज

अमेरिकेच्या हायवेवरचा ट्रॅक्टर-ट्रेलर पूर्ण भरला की ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत जातो. त्यापुढे विशेष परवाना लागतो. अशा गाडीला कुठे दहा, कुठे तेरा, कुठे अठरा गिअर असतात हे ऐकलं की अठरा खाचांचा दांडा डोळ्यांसमोर येतो, आणि हे आपल्याला जमायचं नाही असं वाटून शिकणारा आधीच हबकतो.

प्रत्यक्षात ईटन-फुलर बनावटीच्या दहा गिअरच्या पेटीत पुढे जाण्यासाठी दांड्याला पाचच जागा असतात. मुठीवर एक खटका असतो. गाडी पाचव्यात असतानाच तो वर करायचा, मग दांडा पाचव्यातून काढून पुन्हा पहिल्याच्या जागी न्यायचा. आता तोच सहावा गिअर. तेरा आणि अठरा गिअरच्या पेट्यांत आणखी एक बटण असतं. ते एका गिअरचे दोन करतं. तेरामध्ये फक्त वरच्या टप्प्यात, अठरामध्ये सगळीकडे. एवढे गिअर लागतात, कारण मोठं डिझेल इंजिन कारसारखं सहा हजार फेऱ्यांपर्यंत पळत नाही. त्याचं मुख्य काम मिनिटाला साधारण १,१०० ते १,६०० फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात चालतं. वजन आणि चढ कितीही बदलला तरी इंजिन त्या पट्ट्यात राहावं म्हणून पायऱ्या जवळजवळ ठेवलेल्या असतात. रिकामा ट्रक सपाटीवर असेल तर अनुभवी ड्रायव्हर मधले गिअर सरळ गाळतो.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: जड गाडी, म्हणून गिअर टाकायला मनगटात जोर हवा. खरं तर वेग जुळलेला असेल तर दांडा दोन बोटांनी जातो आणि जुळलेला नसेल तर दोन्ही हातांनी रेटूनही जात नाही. कारच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरची कडी असते; घर्षणाने ती दोन भागांचे वेग सारखे करते, म्हणून आपल्याला काही कळतसुद्धा नाही. अमेरिकी ट्रकच्या या पेट्यांत पुढच्या मुख्य भागाला ती सोय नसते. तिथली दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. दांडा हलवला की सरकते ती दातेरी कॉलर, आणि कर्कश आवाज येतो तो तिच्या दातांचा. वेग जुळवण्याचं काम ड्रायव्हरचं. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीच्या वेगाने दोन पावलं धावतो, तसंच हे.

जुळवायचं कसं, तर डबल क्लच मारून. आपल्याकडचे जुन्या ट्रकांचे ड्रायव्हर हे ओळखतात. वरचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, इंजिनाचे फेरे उतरू द्यायचे, पुन्हा क्लच आणि गिअर. खालचा टाकताना उलट: न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर अॅक्सिलरेटर देऊन फेरे वाढवायचे, मग क्लच आणि गिअर. दहा गिअरच्या पेटीत दोन गिअरांमध्ये साधारण ३०० ते ४०० फेऱ्यांचं अंतर असतं. शिकणारा सुरुवातीला काट्याकडे बघतो. पुढे कानच सांगतात. गिअर हुकला तर घाबरून दांडा रेटत बसू नये. न्यूट्रलला यावं, तेवढ्यात गाडीचा वेग किती उतरला ते बघावं आणि त्या वेगाला शोभणारा गिअर घ्यावा. हुकलेला गिअर सावरता येणं हीच मला शिकण्यातली मोठी पायरी वाटते.

कार चालवणाऱ्याची एक सवय मात्र मोडावीच लागते, क्लच तळापर्यंत दाबण्याची. या ट्रकांमध्ये पेडलच्या शेवटच्या थोड्या अंतरात क्लच ब्रेक असतो. गाडी उभी असताना पहिला किंवा रिव्हर्स टाकण्यासाठी पेटीतला फिरता शाफ्ट थांबवणं, एवढंच त्याचं काम. चालत्या गाडीत क्लच तळाला नेला की तो ब्रेक अख्ख्या ट्रकच्या गतीशी झुंजतो आणि लवकर संपतो. चालताना पेडल फक्त वरच्या काही इंचांत दाबायचं.

‘पटाईत ड्रायव्हर क्लच वापरतच नाहीत’ हे अर्धसत्य आहे. गाडी धावू लागल्यावर नुसते फेरे जुळवून क्लचशिवाय गिअर बदलणारे पुष्कळ आहेत. पण गाडी उचलताना आणि थांबवताना क्लच लागतोच, आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक लायसन्सच्या, म्हणजे सीडीएलच्या, अधिकृत पुस्तिकेत शिकवलेली पद्धत डबल क्लचचीच आहे. नवख्याने आधी तीच अंगवळणी पाडावी.

आता नवे बहुतेक ट्रक क्लच पेडलशिवाय येतात, तेव्हा हे सगळं इतिहासजमा झालं, असंही म्हणतात. पण त्या ट्रकांतही आतली पेटी बहुधा तशीच दातेरी कॉलरची असते. फरक इतकाच की फेरे जुळवून गिअर टाकण्याचं काम संगणक करतो. शिवाय ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर सीडीएलवर तसं बंधन नोंदवलं जातं आणि त्या लायसन्सवर हाताने गिअर टाकायचा व्यावसायिक ट्रक चालवता येत नाही. उतार लागण्याआधी वेग किती उतरवायचा, हा निर्णयही शेवटी ड्रायव्हरचाच.

आणि उताराबद्दलचे गैरसमज जीव घेतात. ‘ब्रेक चांगले असले की उताराची भीती नाही’ हा त्यातला पहिला. ३६ टनांचं ओझं लांब उतारावर नुसत्या ब्रेकने धरून ठेवलं तर ड्रम तापून फुगतात आणि पकड जाते. ब्रेक कितीही नवे असोत. क्लेसी कमिन्स यांनी हे स्वतः अनुभवलं. पुण्यात कोथरूडला १९६२ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर कमिन्सच्या नावातले ‘कमिन्स’ ते हेच. १९३१ साली डिझेल ट्रकमधून अमेरिका पार करताना कॅलिफोर्नियातल्या कॅहोन पासच्या उतारावर त्यांच्या गाडीचे ब्रेक निकामी होत गेले आणि पायथ्याच्या रेल्वे क्रॉसिंगवर जाणाऱ्या मालगाडीच्या मागून ते थोडक्यात निसटले. पुढे त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवण्याची युक्ती शोधली: सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडून तो दाब बाहेर सोडायचा, म्हणजे इंजिन गाडीला ढकलण्याऐवजी अडवतं. १९६१ साली जेकब्ज कंपनीने तो ब्रेक बाजारात आणला. ‘जेक ब्रेक’ तो हाच.

पण इंजिनाने अडवावं असं वाटत असेल तर गाडी खालच्या गिअरमध्ये हवी, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकावा लागतो. इथे पुन्हा वेग जुळण्याचाच प्रश्न येतो. उतारावर गाडी पळू लागल्यावर खालचा गिअर टाकायचा तर इंजिनाचे फेरे त्याच्या मर्यादेपलीकडे न्यावे लागतील. ते जमत नाही, दरम्यान आधीचा गिअरही निघालेला असतो, आणि भरलेला ट्रक न्यूट्रलमध्ये अडकतो. योग्य गिअरमध्ये असताना ब्रेकचा वापरही बेताने: ठरवलेल्या सुरक्षित वेगाला पोचलं की तो ताशी ५ मैलांनी उतरेपर्यंत साधारण तीन सेकंद ठाम ब्रेक, मग पाय काढायचा.

म्हणूनच आपल्या घाटांत डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडण्याची रीत ऐकली की अंगावर काटा येतो. कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरच्या अपघातांनंतर हा प्रकार वारंवार चर्चेत आला आहे. त्यात बचतही नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट डिझेल लागतं.

रिकामा ट्रक लवकर थांबतो, हेही खरं नाही. भार नसल्याने टायरची पकड कमी पडते, चाकं उसळतात आणि लॉक होऊ शकतात. ट्रकच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं म्हणाल तर हवा गेली म्हणजे गाडी मोकळी सुटली असं होत नाही. दाब फार उतरला की स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात. मात्र हवेला चाकांपर्यंत पोचायला क्षणभर लागतो, आणि ताशी ५५ मैलांवर धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ४५० फुटांहून जास्त रस्ता जातो.

राहिला प्रशिक्षणाचा प्रश्न. ७ फेब्रुवारी २०२२ पासून अमेरिकेत नव्या ड्रायव्हरला नोंदणीकृत संस्थेतच प्रशिक्षण घ्यावं लागतं. पण केंद्रीय नियमात तासांची किमान अट नाही, शिकणाऱ्याला काम येतं असं प्रशिक्षकाने प्रमाणित करायचं असतं. त्यामुळे फी भरण्याआधी शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्यक्ष स्टिअरिंगवर मला किती वेळ मिळेल, गाडीला कोणती पेटी आहे, आणि भरलेला ट्रेलर घेऊन उतारावर नेणार का?