विद्यापीठीय स्तरावर इंग्रजी स्वनविज्ञान व शब्दविज्ञान : ‘ठाणे स्टेशन’ ते ‘घोडबंदर रोड’

बीजसंज्ञा : स्वनविज्ञान, शब्दविज्ञान, स्वनिम, आघात, व्युत्पत्ती, आदत्त शब्द, मराठी वर्णमाला

१. प्रस्तावना

पदवी व पदव्युत्तर स्तरावर इंग्रजी हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला साहित्याबरोबर भाषाविज्ञानाचाही परिचय करून घ्यावा लागतो. त्यातील दोन अंगे म्हणजे स्वनविज्ञान (फोनेटिक्स) आणि शब्दविज्ञान (लेक्सिकॉलॉजी). भाषेतील ध्वनी कसे निर्माण होतात, कसे ऐकले जातात व त्यांचे वर्गीकरण कसे करावे, याचा विचार स्वनविज्ञान करते. शब्दांची घडण, व्युत्पत्ती, अर्थपरिवर्तन आणि परस्परसंबंध यांचा विचार शब्दविज्ञानात होतो. शब्दविज्ञान म्हणजे कोशरचना नव्हे. कोशरचना हे त्याचे उपयोजन होय.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील महाविद्यालयांत इंग्रजी विषय घेणाऱ्यांमध्ये मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी असतात. स्वनविज्ञानाचे प्रकरण सुरू झाले की त्यांच्यापैकी अनेकांची समजूत अशी होते की, हा आपले उच्चार सुधारण्याचा तास आहे आणि ज्याचे उच्चार मुळातच ‘चांगले’ त्यालाच तो जमणार. परिणामी व्याख्या पाठ केल्या जातात, ध्वनिचिन्हे घोकली जातात आणि परीक्षेनंतर दोन्ही विसरली जातात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. मराठी भाषकाच्या कानाला आणि लिपीला या अभ्यासासाठी लागणारी बरीचशी सामग्री आधीच उपलब्ध आहे. तिचा जाणीवपूर्वक उपयोग केल्यास ज्याला आपण ‘कच्चा’ समजतो तो विद्यार्थी या विषयात मागे राहण्याचे कारण उरत नाही. हे स्पष्ट करण्यासाठी उदाहरणे मुख्यतः विद्यार्थ्याच्या रोजच्या वाटेवरील शब्दांतून घेतली आहेत.

२. वर्णमाला : हाताशी असलेला तक्ता

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा पुरस्कार करणारी संस्था १८८६ साली पॅरिस येथे स्थापन झाली. तिच्या व्यंजनांच्या तक्त्यात उच्चारस्थानांचा क्रम ओठांपासून घशाकडे जातो. मराठी विद्यार्थ्याने पहिलीतच पाठ केलेल्या वर्णमालेत हीच व्यवस्था उलट्या दिशेने आहे. कवर्ग मृदुतालूपासून सुरू होतो आणि पवर्ग ओठांवर संपतो. प्रत्येक वर्गात अघोष-सघोष, अल्पप्राण-महाप्राण आणि अनुनासिक असा ठरलेला क्रम आहे. ही मांडणी प्राचीन शिक्षाग्रंथांच्या परंपरेतून आली. डब्ल्यू. एस. ॲलन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फोनेटिक्स इन एन्शंट इंडिया’ या ग्रंथात या परंपरेचा सविस्तर परामर्श घेतला आहे. म्हणजेच ‘उच्चारस्थान’ आणि ‘घोषत्व’ या संकल्पना विद्यार्थ्याला नव्या नाहीत; त्यांची इंग्रजी नावे तेवढी नवी आहेत.

३. ऐकण्यातील एक जमेची बाजू

मराठीत पळ-फळ, कार-खार, ताट-थाट या जोड्यांत केवळ महाप्राणत्वामुळे अर्थ बदलतो. म्हणून ‘प’ आणि ‘फ’ हे मराठीत स्वतंत्र स्वनिम आहेत. इंग्रजीत ‘पिन’ या शब्दाच्या आरंभीच्या ध्वनीबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो, तर ‘स्पिन’ मधील त्याच अक्षराच्या उच्चारात तो जवळजवळ नसतो. मात्र या भेदाने इंग्रजीत अर्थ बदलत नाही. म्हणून ही एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरे ठरतात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला हा फरक पटवून देण्यासाठी तोंडासमोर तळहात किंवा कागदाचा तुकडा धरण्याचा प्रयोग करावा लागतो. मराठी कानाला तो सरळ ऐकू येतो, कारण मातृभाषेने त्याला ती सवय लावली आहे.

स्वनिम आणि स्वनांतर या संकल्पना विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड वाटतात. परंतु ‘जो भेद मराठीत शब्द बदलतो, तोच इंग्रजीत फक्त जागेनुसार येतो-जातो’ या एका वाक्यात त्यांचे मर्म सांगता येते. उलट उदाहरणही मराठीतच आहे. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एका प्रकारे उच्चारला जातो, तर ‘तू जग’ यातील ‘जग’ दुसऱ्या प्रकारे. ‘चार’ ही संख्या आणि गुरांचा ‘चारा’ यांतील ‘च’ सारखा नाही. अक्षर एक आणि ध्वनी दोन, ही केवळ इंग्रजी स्पेलिंगची खोड नाही, हे यावरून विद्यार्थ्याच्या ध्यानात येते.

या जमेच्या बाजूबरोबर एक अडचणही आहे. आपण ‘पिन’ अल्पप्राण ‘प’ ने उच्चारतो, तेव्हा इंग्रजी कानाला तो ‘बिन’ असा ऐकू येण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘दोन्ही ओठ मिटून उच्चारलेला फ’ इतकी सूचना पुरेशी होते.

४. लिपीने आधीच केलेली नोंद

मराठीने इंग्रजी शब्द स्वीकारताना ते कसे लिहिले, हा स्वनविज्ञानाचा उत्तम पुरावा आहे. इंग्रजीत ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ यांच्या आरंभीचे ध्वनी भिन्न आहेत. पहिल्यात खालचा ओठ वरच्या दातांना लागून घर्षण होते, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. मराठी भाषक बोलताना या दोहोंची गल्लत करतो अशी तक्रार वारंवार ऐकू येते. परंतु मराठी लेखनाने हा भेद टिपला आहे. आपण ‘व्हिडिओ’, ‘व्हॉलीबॉल’ असे लिहितो. ‘वॉटर’, ‘वॉर्ड’ असे लिहितो. हिंदीत मात्र सामान्यतः दोन्हीकडे ‘व’ च येतो. मराठीत ‘व्हावे’, ‘म्हण’, ‘न्हाणी’ अशी महाप्राणयुक्त जोडाक्षरे असल्यामुळे इंग्रजीतील घर्षण त्या साच्यात बसविता आले.

हीच गोष्ट ‘झेब्रा’, ‘झोन’, ‘झेरॉक्स’ यांतील ‘झ’ ची आहे. ‘बॅट’ आणि ‘बेट’ यांतील स्वरभेद दाखविण्यासाठी, तसेच ‘कॉलेज’, ‘डॉक्टर’ यांतील स्वरासाठी चंद्रचिन्हाचा वापर रूढ झाला. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला अद्ययावत केली, तेव्हा ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना तीत स्थान मिळाले. जो भेद विद्यार्थी लिहून दाखवितो तो त्याला ‘ऐकू येत नाही’ असे म्हणता येणार नाही. वर्गात त्याला त्याच्या स्वतःच्या लेखनाकडे लक्ष वेधून दिले पाहिजे.

५. ‘ठाणे स्टेशन’ : ध्वनी आणि शब्द यांची गाठ

स्वनविज्ञान व शब्दविज्ञान ही प्रकरणे सहसा स्वतंत्रपणे शिकविली जातात. परंतु शब्दाचा इतिहास हा बहुतांशी ध्वनिपरिवर्तनाचा इतिहास असतो. ‘ठाणे स्टेशन’ हा शब्दप्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

शिलाहारांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ हे नाव येते. संस्कृत ‘स्थान’ पासून प्राकृत ‘ठाण’ आणि त्यापासून ‘ठाणे’ असा हा प्रवास आहे. आरंभीचा ‘स’ लोपला आणि त्याचा परिणाम म्हणून मागे महाप्राण ध्वनी राहिला. ‘स्कंध’ चे ‘खांदा’ आणि ‘स्थल’ चे ‘थळ’ याच रीतीने झाले. दुसरीकडे ‘स्टेशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमधील तो धातू आणि संस्कृत ‘स्था’ हे एकाच इंडो-युरोपीय मूळ धातूचे वंशज होत. इंग्रजीतील ‘स्टँड’, ‘स्टेट’, ‘स्टॅच्यू’ याच कुळातील. म्हणजे ‘ठाणे’ आणि ‘स्टेशन’ हे हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले सगोत्र शब्द आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढे हे दोन शब्द एकाच फलकावर आले.

याहून बोधप्रद बाब अशी की, ग्रामीण बोलीत ‘स्टेशन’ चे ‘ठेसन’ झाले. ‘स्थान’ चे ‘ठाण’ होताना जे घडले त्याच्याशी याचे साम्य उघड आहे. वर्गात ‘ठेसन’ म्हणणाऱ्याला हसू येते. पण भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास तो चुकलेला नसून एका जुन्या वळणाने गेलेला आहे. हे ज्या दिवशी वर्गात सांगितले जाते, त्या दिवशी स्वनविज्ञान हा लाज वाटण्याचा विषय राहत नाही.

आता ‘ठाणे’ या नावाच्या रोमन लेखनाकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात ते ‘टी’ या अक्षराने, ‘एच’ न लावता, ‘टॅना’ असे वाचता येईल अशा रीतीने लिहिलेले आढळते. इंग्रजीत शब्दारंभीचा ‘ट’ स्वभावतःच महाप्राणयुक्त असल्याने ‘ठ’ मधील महाप्राण इंग्रजी कानाला वेगळा जाणवला नसावा. तिसऱ्या विभागातील नियम येथे इतिहासात काम करताना दिसतो. पुढे ‘एच’ आला आणि आजचे पाच अक्षरांचे लेखन रूढ झाले. योगायोगाने हेच लेखन इंग्रजीतील ‘थेन’ या शब्दाचे आहे. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’ मध्ये नायक प्रथम ग्लॅमिसचा आणि नंतर कॉडॉरचा ‘थेन’ असतो. हा शब्द प्राचीन इंग्रजीतील असून त्याचा मूळ अर्थ ‘सेवक, अनुचर’. पुढे तो जमीनधारक सरदाराचा वाचक झाला. अक्षरे तीच, तरी ‘ठाणे’ आणि ‘थेन’ यांचे नाते नाही. आणि ‘ठाणे’ व ‘स्टेशन’ यांत एकही अक्षर समान दिसत नसताना नाते आहे. दिसण्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, हा शब्दविज्ञानाचा पहिला धडा यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच देता येईल.

६. घोडबंदर रोड : तीन थर

‘घोडबंदर रोड’ या नावात तीन भाषांचे थर आहेत. ‘घोड’ हे ‘घोडा’ या संस्कृत ‘घोटक’ पासून आलेल्या शब्दाचे सामासिक रूप, ‘बंदर’ फारसी आणि ‘रोड’ इंग्रजी. इराणातील बंदर अब्बास आणि ब्रुनेईची राजधानी बंदर सेरी बेगवान या नावांतही तोच फारसी शब्द आहे. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे. मुंबईच्या अपोलो बंदराच्या नावामागे ‘पालवा’ हा शब्द असल्याचे मतही तेथे दिले असून, त्याबाबत निश्चिती नसल्याचे संपादकांनी सांगितले आहे. या कोशाचे नावच कानाच्या करामतीतून आले. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा घोष गोऱ्या शिपायांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला.

‘घोडबंदर’ च्या रोमन लेखनात ‘बंदर’ मधील पहिल्या ‘अ’ साठी ‘यू’ हे अक्षर येते, कारण इंग्रजी ‘कप’, ‘बट’ या शब्दांत ते अक्षर ‘अ’ च्या जवळचा उच्चार दाखविते. ‘पंजाब’ चे लेखनही याच पद्धतीचे. ‘घोड’ मधील अंत्य ‘अ’ मात्र लिहिला जात नाही, कारण तो उच्चारलाच जात नाही. देवनागरीही सर्व काही उच्चारानुसार लिहिते असे नाही, हे येथे दिसते.

घोडबंदरासमोरच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. पोर्तुगीजांच्या संपर्कातून ‘बटाटा’ मराठीत आला. इंग्रजी ‘पोटॅटो’ स्पॅनिशमार्गे आला असला तरी दोहोंचे मूळ कॅरिबियन बेटांवरील टाइनो भाषेत आहे. आपला ‘पाव’ आणि इंग्रजी ‘कंपॅनियन’ यांत ‘भाकरी’ या अर्थाचा एकच लॅटिन शब्द आहे. ‘कंपॅनियन’ म्हणजे मुळात सोबत भाकरी खाणारा. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. इंग्रजी ‘माँगूस’ हा मराठी ‘मुंगूस’ वरून आला. शेवटचा भाग इंग्रजी ‘गूस’ सारखा दिसत असला तरी त्याचे अनेकवचन ‘गीस’ या वळणाने होत नाही.

७. मर्यादा

मराठीच्या आधाराने सर्व काही साधेल असे मात्र नाही. देवनागरीत लिहिलेला ‘रोड’ इंग्रजी ‘रोड’ मधील संयुक्त स्वर लपवितो, तसेच ‘ड’ चे भिन्न स्थानही दाखवित नाही. त्याहून महत्त्वाची उणीव आघाताची आहे. मराठीत आघाताने शब्दार्थ बदलत नाही. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ हे नाम पहिल्या अवयवावर आघात घेते, क्रियापद दुसऱ्यावर. ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफर’, ‘फोटोग्राफिक’ या मालिकेत आघात अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या अवयवावर सरकतो आणि आघातहीन स्वर दुबळे होतात. येथे प्रत्यय बदलला की उच्चार बदलतो, म्हणजेच शब्दघडण व स्वनविज्ञान पुन्हा एकत्र येतात. मराठीत याला समांतर काही नसल्याने हा भाग ऐकून व सरावानेच शिकवावा लागतो. म्हणून देवनागरी ही आरंभीची पायरी समजावी. पुढे ध्वनिलिपीकडे जाणे अपरिहार्य आहे.

दुसरा प्रश्न आदर्शाचा. डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ साली निघाला. त्या परंपरेतील ब्रिटिश प्रमाण उच्चार आजही पाठ्यपुस्तकांचा आधार असून, त्यात २४ व्यंजने व २० स्वर असे ४४ स्वनिम मानले जातात. हा उच्चार ब्रिटनमध्येही अल्पसंख्यांचाच आहे. हैदराबाद येथील केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या आकलनसुलभतेचा अभ्यास केला आणि चर्चा ‘शुद्ध-अशुद्ध’ या पातळीवरून ‘समजते की नाही’ या पातळीवर आणली. ब्रिटिश उच्चार हा मोजपट्टी म्हणून शिकवावा, नक्कल करण्याचा नमुना म्हणून नव्हे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, स्वनविज्ञान हे उच्चारसुधाराचे वर्ग नव्हेत. ते निरीक्षणाचे शास्त्र आहे आणि निरीक्षणासाठी मराठी कान सक्षम आहे. दुसरी, ध्वनी व शब्द यांचे अध्यापन एकत्र केल्यास दोन्ही सुलभ होतात. तिसरी, आघातासारख्या बाबतीत मराठीचा आधार अपुरा असल्याने अध्यापनाचा अधिक वेळ तेथे द्यावा.

यासाठी वेगळा निधी किंवा प्रयोगशाळा लागत नाही. परिसरातील दुकानांच्या पाट्यांवरील वीस इंग्रजी शब्द देवनागरीत कसे लिहिले आहेत याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी, आपल्या गावाच्या नावाची जुनी रोमन रूपे ग्रंथालयातील गॅझेटियरमध्ये शोधावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलीतील ‘ठेसन’ सारखे शब्द गोळा करावेत. इतिहास, भूगोल व मराठी विभागांतील सहकाऱ्यांनी यात सहभाग घेतल्यास ती नोंद एका विषयापुरती राहणार नाही. जो विद्यार्थी आजवर मागच्या बाकावर गप्प बसत होता, त्याच्या घरातली बोली अशा वेळी वर्गातील सर्वांत मोलाची सामग्री ठरते.