डोळ्यांतील थेंब आणि मनाची खिन्नता

घरांतील आजोबा अलीकडे अबोल झाले आहेत. संध्याकाळचें फिरणें सुटलें, नातवंडांत मन रमत नाहीं, रात्रीं वाईट स्वप्नांनीं दचकून उठतात. “वय झालें, चालायचेंच,” असें म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात. फळीवरील काचबिंदूच्या औषधाची लहानशी कुपी मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

डोळ्यांत घातलेलें औषध डोळ्यांतच राहतें, हा समज चुकीचा आहे. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यांतून अश्रूंची एक सूक्ष्म नलिका नाकांत उतरते. रडतांना नाक वाहूं लागतें तें यामुळेंच. थेंबाचा बराचसा अंश याच वाटेनें नाकांत जाऊन रक्तांत मिसळतो. पोटांत घेतलेल्या गोळीचा कांहीं भाग यकृत आधींच निष्प्रभ करतें. थेंबांस ती चौकी लागत नाहीं.

टिमोलोल या औषधास अमेरिकेंत १९७८ सालीं मान्यता मिळाली. डोळ्यांतील दाब तें उत्तम उतरवतें. परंतु रक्तांत गेल्यावर नाडी मंद होऊं शकते व दमेकऱ्यास धाप लागूं शकते. थकवा, खिन्नता, गोंधळलेपण व दुःस्वप्नें यांच्याहि नोंदी आहेत. खिन्नतेशीं त्याचा संबंध किती निकटचा, याविषयीं मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत. ब्रिमोनिडिनच्या थेंबांनीं पेंग येते. बाहुली मोठी करणाऱ्या ॲट्रोपिननें मुलें व वृद्ध क्वचित् भ्रमिष्टासारखे बोलूं लागतात.

मग करावें काय? पहिली गोष्ट ही कीं, औषध आपल्या मतानें मुळींच बंद करूं नये; काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. एका वेळीं एकच थेंब घालावा. अधिक डोळ्यांत मावत नाहीं. नंतर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटानें दोन-तीन मिनिटें हलकेच दाबून धरावा. त्यायोगें औषध नाकांत कमी उतरतें.

थेंब केव्हां सुरू झाले व स्वभाव केव्हां पालटला, या दोन तारखा टिपून नेत्रवैद्यांस दाखवाव्या. ते औषध बदलूं शकतात. नेहमींच्या डॉक्टरांना औषधें सांगतांना आपण गोळ्यांचीं नांवें सांगतों आणि थेंब विसरतों. तसें करूं नये. आजोबांची दृष्टि तर राखावयाचीच. पण त्यांच्या अबोलपणास वार्धक्य म्हणण्यापूर्वीं एकवार ती कुपी हातांत घेऊन पाहावी.