लहान मुलांस न सोसणारा गहू

गव्हाच्या पानावर तांबेरा पडला तर आपला शेतकरी तो बांधावरूनच ओळखतो. ज्वारीचा पोंगा सुकू लागला की खोडमाशी आली, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. परंतु तोच गहू आपल्याच घरातील एखाद्या लहान मुलास बाधू लागला, तर ते दुखणे महिनोन् महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे ओळखले जात नाही. मुलाचे हातपाय काडीसारखे होतात आणि पोट मात्र फुगत जाते. कोणी म्हणतो जंत झाले, कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी मुडदूस समजून अंगास तेल चोळीत बसतो. ह्या दुखण्यास सीलिॲक रोग असे नाव आहे. आम्ही वैद्य नव्हे. महसूल खात्याच्या दप्तरात उमेदीची वर्षे घालविलेले साधे कारकून आहोत. तथापि तज्ज्ञांनी सिद्ध केलेली ह्या रोगाची माहिती खेड्यातील घराघरांत पोहोचणे जरूर आहे, असे वाटल्यावरून ती येथे मांडीत आहोत.

रोगाचे मूळ

गव्हाची कणीक मळून तिचा गोळा पाण्यात धूत राहिले असता पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट अंश उरतो. त्यास ग्लूटेन म्हणतात. चपाती लाटता येते व पाव फुगतो तो ह्याच अंशामुळे. ज्वारीच्या पिठात तो नाही. म्हणूनच भाकरी लाटली असता तुटते आणि ती हाताने थापावी लागते. गहू, सातू म्हणजे जव, आणि परदेशात पिकणारे राय ह्या तीन धान्यांतील हा अंश काही थोड्या माणसांच्या आतड्यास सोसत नाही.

आपल्या लहान आतड्याच्या आतील अंगास मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात. पिकाची केसमुळे जमिनीतील रस ओढून घेतात, तसे हे अंकुर अन्नातील रस शोषतात. ज्यास हा रोग आहे त्याच्या पोटात गहू गेला की शरीराची रोगप्रतिकारक शक्ती उलटते आणि ह्या अंकुरांचाच नाश करू लागते. मुळ्या कुजलेल्या रोपास कितीही खत घातले तरी ते वाढत नाही. तद्वत अशा मुलास दूध, तूप, टॉनिक काहीही दिले तरी ते अंगी लागत नाही.

हा कल जन्मजात असतो व घराण्यात उतरतो, पण गहू खाल्ल्यावाचून रोग उद्भवत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत सुमारे ९६ माणसांत एकास हा रोग आढळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या निरनिराळ्या भागांतील प्रौढांच्या पाहणीत त्याचे प्रमाण उत्तरेत शेकडा १.२३ व दक्षिणेत शेकडा ०.१० निघाले. जन्मजात कल दोन्हीकडे जवळजवळ सारखाच होता. फरक होता तो ताटातला; उत्तरेकडे गहू भरपूर खाल्ला जातो, दक्षिणेकडे फारच थोडा.

आमच्या सातारा-सांगलीकडे माण, खटाव, जत, आटपाडी ह्या भागांत ज्वारी-बाजरीची भाकरी, आणि पाटण-जावळीच्या डोंगरात भात व नाचणी, हेच रोजचे अन्न असे. पोळी सणावारी होई. आता मूल रांगू लागले की त्याच्या हाती बिस्किट येते. चपाती, शेवया, पाव, रव्याची खीर हे नित्याचे झाले आहे. सबब हा रोग आजीच्या अनुभवात बसत नाही, म्हणून तो नाही असे समजू नये.

गव्हाचा दोष कसा उमगला

१८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी नामक डॉक्टराने ह्या दुखण्याचे नेमके वर्णन लिहिले आणि ते बरे व्हायचे तर आहारानेच होईल, असे मत दिले. परंतु कोणता आहार, हे त्यास कळले नाही. १९२४ साली अमेरिकेत सिडनी हास ह्यांनी अशा मुलांस केळी देऊन बरे करून दाखविले. लोकांस वाटले की गुण केळ्यांचा. वस्तुतः गुण होता तो पाव बंद झाल्याचा. हॉलंडमधील विलेम डिके ह्या बालवैद्यांस गव्हाचा संशय पूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे त्या देशात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. आणि सर्व देश उपाशी असता ही आजारी मुले मात्र सुधारली. पुढे पाव आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके ह्यांनी प्रबंध लिहून गव्हाचा दोष सिद्ध केला.

लक्षणे

ज्या तान्ह्या मुलाच्या पोटात गहू गेलाच नाही, त्याचे दुखणे ह्या रोगाचे नव्हे. उष्टावणानंतर गव्हाचे पदार्थ सुरू होतात, आणि त्यापुढे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, बहुधा सहा महिने ते दोन वर्षे ह्या वयात, पुढील खुणा दिसू लागतात.

(१) वजन थांबणे. आधी चांगले वाढत असलेले मूल वाढेनासे होते, किंवा वजन उलट घटते. ही सर्वांत महत्त्वाची खूण होय.

(२) शौच. दिवसांतून अनेकदा, पुष्कळ, फिकट, तेलकट व अतिशय दुर्गंधी शौच होते आणि हा प्रकार आठवडेच्या आठवडे चालतो. काही मुलांस उलट बद्धकोष्ठ होतो, म्हणून जुलाब नाहीत एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

(३) पोट फुगणे व अंग वाळणे. पोट पुढे येते. दंड व मांड्या बारीक होतात. ढुंगणावरील कातडी सैल पडून सुरकुतते.

(४) स्वभाव पालटणे. हसतेखेळते मूल किरकिरे होते, अन्नावरची वासना उडते, वारंवार ओकते, खेळ सोडून पडून राहते.

(५) पांढुरकेपणा. रक्त कमी होते आणि लोहाचे औषध नीट देऊनही भरून येत नाही.

(६) थोड्या मोठ्या मुलांत उंची खुंटते, तोंड वारंवार येते, दातांच्या वरच्या कवचावर डाग वा खळगे पडतात. कित्येकदा पोटाची तक्रार मुळीच नसते. बुटकेपणा आणि पांडुरोग एवढीच खूण असते.

आईबाप, भाऊ किंवा बहीण ह्यांपैकी कोणास हा रोग असल्यास, अथवा मुलास लहानपणचा मधुमेह असल्यास, संशय अधिक धरावा.

हीच लक्षणे जंत, आतड्याचा क्षय, दूध न पचणे वा केवळ कुपोषण ह्यांतही दिसतात. गहू खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर ती गव्हाची ॲलर्जी. तो प्रकार निराळा असून त्यास तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. तसेच जुलाबाने मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर कारण शोधीत बसू नये. मीठ-साखरेचे पाणी पाजीत लगेच डॉक्टरांकडे न्यावे. तात्पर्य, लक्षणांनी संशय घ्यावयाचा. निर्णय तपासणीनेच व्हावयाचा.

तपासणीपूर्वी गहू सोडू नये

ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आमच्या माहितीतील खटाव तालुक्यातील एका बागायतदाराच्या नातीचे वजन नवव्या महिन्यात साडेसात किलो होते, ते चौदाव्या महिन्यात सात किलोवर आले. जंताचे औषध तीनदा झाले. पोटास हलकी म्हणून खपली गव्हाची खीर रोज चालू होती. शेवटी कोणा आप्ताने गहू बंद करावयास सांगितले, पोर सुधारली, आणि मग दोन-तीन महिन्यांनी तपासणीस नेली. रक्तात काही निघाले नाही. रोग नाही म्हणून गहू पुन्हा सुरू झाला आणि दुखणे उलटले. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे गहू चालू ठेवून पुन्हा तपासणी केली, तेव्हा निदान झाले. ह्या घोळात मुलीच्या वाढीचे वर्ष वाया गेले.

ह्याचे कारण सरळ आहे. रक्तातील ज्या द्रव्यावरून रोग ओळखतात ते गहू पोटात जात असेतोवरच भरपूर असते. गहू सोडला की ते ओसरते व आतड्याचे अंकुरही भरून येऊ लागतात. पीक काढून नेल्यावर पीकपाहणीस गेलेल्या तलाठ्याने रिकाम्या रानात काय नोंदवावे?

म्हणून क्रम असा ठेवावा. अंगणवाडीत दरमहा वजन करवून ते वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्यावे. रेषा दोन-तीन महिने आडवी किंवा उतरती दिसली तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. मुलास गहू कधी सुरू केला, वजन केव्हा किती होते, शौच कसे होते, हे वहीत तारीखवार लिहून न्यावे. सरकारी दप्तरात काय किंवा दवाखान्यात काय, तोंडी हकीकतीपेक्षा नोंद अधिक उपयोगी पडते. डॉक्टर प्रथम रक्ताची तपासणी सांगतात. तीत टीटीजी नावाचे द्रव्य पाहतात. जरूर पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा लहानसा तुकडा काढून पाहतात. काही मुलांत रक्ताचा आकडा फारच मोठा असल्यास दुसऱ्या रक्ततपासणीने खात्री करून तुकडा न काढताही निदान करतात. तोवर मुलाचे नेहमीचे अन्न चालू असावे.

निदान झाल्यावर

ह्या रोगास औषध नाही. पथ्य हेच औषध, आणि ते जन्मभर. "एवढ्याशा घासाने काय होते" हे येथे चालत नाही. आजोबांनी मायेने दिलेला पुरणपोळीचा तुकडा, पूजेचा शिरा, शेजारघरचे बिस्किट, ह्यांनी आतडे पुन्हा बिघडते. रवा, मैदा, शेवया, कुरडई, गव्हाचे सत्त्व, सातूचे पीठ, जवाचे माल्ट घातलेली पेये, सर्व वर्ज्य. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, ते वेष्टनावर वाचून घ्यावे. अंगणवाडीच्या आहारात गहू आहे काय, हेही सेविकेस विचारावे.

खपलीविषयी आम्हांस स्पष्ट लिहिणे भाग आहे. खपली हा आपल्या भागाचा मानाचा गहू आहे, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. काही विक्रेते तो ग्लूटेनमुक्त म्हणून विकतात, हे असत्य असून अशा मुलास घातक आहे. आपल्यापैकी जे खपली पिकवितात त्यांनी गिऱ्हाईकास असे कदापि सांगू नये.

मग खावे काय? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, मका, राजगिरा, सर्व डाळी, भाज्या, फळे, अंडी. म्हणजे आपले जुने ताटच. आतडे भरून येईपर्यंत कित्येक मुलांस दूधही काही दिवस सोसत नाही. त्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गहू पूर्ण सुटल्यावर बहुतेक मुले थोड्या आठवड्यांत खेळू लागतात व वजन धरतात.

मात्र ज्वारी शुद्ध राहिली पाहिजे. ग्लूटेनमुक्त अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालते, असा आपल्या देशातील नियम आहे. गव्हाच्या पिठात किलोमागे सुमारे १०० ग्रॅम ग्लूटेन धरू. गिरणीत गव्हावर ज्वारी टाकली आणि जात्यात उरलेले ५० ग्रॅम गव्हाचे पीठ ५ किलो ज्वारीत आले, तर किलोमागे १० ग्रॅम गव्हाचे पीठ, म्हणजे १,००० मिलिग्रॅम ग्लूटेन झाले. हे मर्यादेच्या पन्नास पट होय. ह्यास्तव अशा मुलाचे दळण गावच्या गिरणीत देऊ नये. घरचे जाते किंवा घरघंटी गव्हाचा स्पर्श न होऊ देता केवळ त्याच्यासाठी राखून ठेवावी. धान्यही मळणीयंत्रात गव्हामागून काढलेले नको. निराळे मळलेले, निवडलेले व धुऊन वाळविलेले असावे. पोळपाट, परात, तवा व डबाही निराळा हवा.

निरोगी घरांनी घाबरू नये

हे वाचून कोणी सरसकट मुलांचा गहू बंद करू नये. बहुसंख्य मुलांस गहू उत्तम सोसतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, आणि वरचे अन्न सुरू झाल्यावर इतर धान्यांबरोबर गहूही थोडाथोडा द्यावा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दोन मोठ्या पाहण्यांत असे दिसले की गहू उशिरा सुरू केल्याने हा रोग टळत नाही. दूध पाजणाऱ्या आईनेही त्यासाठी गहू सोडण्याचे कारण नाही. एका मुलास रोग निघाल्यास मात्र त्याच्या भावंडांची व आईबापांची तपासणी अवश्य करावी.

आमच्या ज्या शेतकरी बंधूंच्या घरी निराळे खळे, निराळे पोते व राखीव घरघंटी ठेवण्याची सोय आहे, त्यांनी आसपासच्या अशा एखाद्या घरास वर्षाची शुद्ध ज्वारी पुरवावी, अशी आमची विनंती आहे. दोन-चार पोत्यांची ही गोष्ट. पण ज्या घरचे मूल त्या भाकरीवर वाढेल त्या घरास तिचे मोल फार मोठे आहे.